काडीच्या वर दोन

६ जानेवारी, सोमवार

ही डायरी बियाण्याच्या कंपनीने फुकट वाटलेली. प्रत्येक पानाच्या तळाशी शेतकऱ्यांना एकेक सूचना छापली आहे. आजची : 'फवारणी करताना तोंड झाकून घ्यावे.' मी शेतकरी नाही, लेथवाला आहे. पण बायकोने ती वाचली आणि म्हणाली, "हे तुमच्यासाठीच छापलं दिसते." तिचं म्हणणं असं की मला जे काही बोलायचं ते लोकांवर न सोडता वहीवर सोडावं. वही रुसून बसत नाही.

रोख शेजारच्या कय्यूमकडे होता. मोताळ्याला बसस्टँडमागे आमचं एकच टिनाचं शेड आहे, मधोमध टिनाचीच भिंत. तिकडे त्याचं गॅरेज, इकडे माझा लेथ. तो गाड्या उघडणार, मी त्यांचे झिजलेले अवयव नव्याने घडवणार. बावीस वर्षं असं चाललं. मे महिन्यापासून बोलणं बंद.

कारण सांगायलाही लाज वाटावी इतकं लहान. एका वरातीत ट्रॉलीचं चाक निघालं. चाक कय्यूमने बसवलेलं. मी 'मोताळा कट्टा' ग्रुपवर एवढंच लिहिलं : 'कय्यूमभाईकडून गाडी नेताना पिशवी सोबत ठेवा. रस्त्यात पडलेले नट वेचायला कामी येते.' दोनशे लोक हसले. मालकाला कय्यूमने बजावलं होतं की वीस किलोमीटर चालवून परत आण, नट पुन्हा आवळावे लागतील, आणि तो आला नव्हता. हे मला माहीत होतं. पण ते लिहिलं असतं तर विनोद झाला नसता.

माणसाला थोडी गंमत कळायला हवी. एवढंच माझं म्हणणं.

८ जानेवारी, बुधवार

रोहिणखेडच्या उकंडरावांची जीप दोरी बांधून आली. इंजिन माझ्या लग्नाच्याही आधीचं, अजून ठणठणीत. गिअरबॉक्सचे मात्र दात पडले. काल बुलढाण्याहून परतताना राजूर घाटाच्या खाली.

उकंडराव बासष्टचे. बायको आशाबाई, तिच्या किडन्या गेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी बुलढाण्याला डायलिसिस. एसटीने जाता येतं, येता येत नाही. मशीनवरून उठल्यावर तिला उभं राहवत नाही. मागे दिवाळीत एक पाळी चुकली तेव्हा चेहरा सुजून डोळे मिटले होते आणि रात्रभर उशाला टेकून बसावं लागलं, कारण आडवं झालं की श्वास कोंडे. त्यामुळे ही जीप म्हणजे त्यांच्या घरातली तिसरी किडनी.

"दयारामभाऊ, लोकाईच्या गाड्या मागून मागून तोंड दुखून राह्यलं," उकंडराव म्हणाले. "एक डाव देतेत, दोन डाव देतेत. तिसऱ्या डावाले गाडीची चाबी सापडत नाही त्याईले."

मलकापूरच्या भंगारात एका नव्या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स आहे म्हणतात. कय्यूमने तोच आणायला सांगितलं. मला थेट नाही सांगितलं, अर्थात. टिनापलीकडे मुद्दाम मोठ्याने बोलला.

११ जानेवारी, शनिवार

बॉक्स आला. चांगला आहे. अडचण एकच : जुन्या इंजिनाला नवा बॉक्स म्हणजे म्हाताऱ्या नवऱ्याला नवी बायको. बाकी सगळं बसतं, पण एका जागी अडतं.

ती जागा म्हणजे पायलट बुश. क्रँक म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, त्याच्या मागच्या टोकाला मधोमध एक भोक असतं. त्यात एक बांगडीसारखा बुश. गिअरबॉक्समधून येणाऱ्या दांड्याचं बारीक टोक त्या बुशमध्ये शिरतं आणि फिरताना हलत नाही. एवढाच त्याचा जीव, पण त्याच्यावाचून क्लच सुखाने सुटत नाही. जुन्या बॉक्सचं टोक जाड आणि आखूड होतं. नव्याचं बारीक आणि लांब. तेव्हा बुश नवा घडवायचा आणि टोक कापायचं.

किती कापायचं ते भोकाच्या खोलीवर. ती कळते कय्यूमला, कारण इंजिन त्याच्याकडे. पूर्वी तो टिनापलीकडून आकडा ओरडायचा, मी ओरडायचो "वर दोन," तो म्हणायचा "वर दोन." म्हणजे आकड्यापेक्षा दोन मिलिमीटर जास्त कापायचं. लोखंड तापलं की वाढतं. टोक भोकाच्या तळाला टेकता कामा नये, मधे तेवढं मोकळं लागतं. बावीस वर्षं त्याची नमाज आणि माझी हनुमानाची आरती चुकली असेल, 'वर दोन' चुकलं नाही.

आता मधे उकंडराव. पंधरा पावलं जातात, पंधरा पावलं येतात. आज तुरीची काडी घेऊन आले. अर्ध्या बोटाएवढी, दोन्हीकडून ब्लेडने सरळ कापलेली.

"कय्यूमभाईनं देल्ली. म्हणे बॉक्स इंजिनाले भिडत नाही, एवढी फट राह्यते. टोक एवढं कापा म्हणे, अन् काडीच्या वर—"

"काडीच्या वर काय हो? झेंडा लावू काय? सव्वीस जानेवारीले अजून पंधरा दिवस आहेत."

दोन गिऱ्हाइकं बसली होती, ती खो खो हसली. उकंडरावही हसले. इतके की स्टुलावर बसावं लागलं, धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. किती दिवसांनी हसला बिचारा. डॉक्टर जे करत नाहीत ते आम्ही फुकट करतो.

टोक काडीएवढं कापलं, एक केस इकडे नाही की तिकडे नाही. कय्यूमला माझ्याशी बोलायचं नाही म्हटल्यावर 'वर दोन' काडीतच धरलेलं असणार. तेवढी अक्कल त्याला आहे. मी कधी नाही म्हटलं?

१२ जानेवारी, रविवार

क्रँकमधला जुना बुश निघत नव्हता. तीस वर्षांचा संसार, तो काय सहज निघतो. कय्यूमने उकंडरावांना माझ्याकडे पाठवलं, "शिळी भाकर आहे का म्हणे."

माझ्या डब्यात होती. ज्वारीची, कालची. दिली.

भाकर पाण्यात भिजवून लगदा करायचा, भोकात ठासायचा, भोकाला बरोबर बसेल असा दांडा लावून वरून घण. लगद्याला पळायला जागा नसते, तो मागून बुशला ढकलतो. पाच-सहा घण, पुन्हा भाकर, पुन्हा घण. मग टणकन आवाज. टिनापलीकडे कय्यूम हळूच म्हणाला, "आ गया."

ही करामत मी त्याच्याइतकी साफ कोणाची पाहिली नाही. बोलणं सुरू असतं तर दाद दिली असती. न बोलता दाद कशी देतात मला ठाऊक नाही. मी नुसता लेथ बंद करून ऐकत बसलो.

१३ जानेवारी, सोमवार

काल पितळेसारख्या गनमेटलचा बुश घडवला. रात्रभर तेलात बुडवला होता, मग पुसून तासभर आमच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात. गारठून आकसलेला बुश क्रँकमध्ये दोन टोल्यांत बसला म्हणतात. बायकोला बर्फाला तेलाचा वास येतो आहे. कलेची किंमत घरच्यांना कळत नाही.

दुपारी उकंडराव पुन्हा आले. "कय्यूमभाई विचारून राह्यले, काडीचं ध्यानात आहे ना?"

"त्याले म्हणा, जपून ठेवली आहे. दात कोरायले."

हेही आवडलं त्यांना. हसत गेले.

संध्याकाळी बॉक्स बसला. फट राहिली नाही, आवाजावरूनच कळलं. कय्यूमने सगळे बोल्ट आवळले, पुन्हा एकदा आवळून पाहिले. मग इंजिन सुरू केलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

दुरुस्तीनंतर जीप दुसऱ्यांदा बुलढाण्याला गेली आणि आली. परतताना शेडसमोर थांबली. आशाबाई पुढच्या सीटवर, शाल गुंडाळून. मांडीत एक छोटा स्टीलचा गिलास. दिवसभराचं पाणी तेवढंच. उकंडरावांनी दोन पुड्या आणल्या, तिळाच्या लाडवांच्या. एक टिनाच्या इकडे, एक तिकडे.

मी गाडीजवळ गेलो. म्हटलं, "वहिनी, संक्रांत होऊन तीन दिवस झाले."

"तुमाले वेळेवर देऊन काय फायदा? गोड बोलाले तं कोणी तयार नाही," ती म्हणाली. "मले डॉक्टरनं पाणी मोजून देल्लं. तुमी दोघं बोलणं काऊन मोजून राह्यले? तुमाले कोणत्या डॉक्टरनं सांगतलं?"

मी पुडी सोडून लाडू तोंडात टाकला. 

लाडू चांगले होते. तिला स्वतःला एकच चालतो म्हणे.

२४ जानेवारी, शुक्रवार

उकंडराव म्हणाले, "क्लच दाबला की इंजिन जड होते. जसं कोणी मागून धरलं. घाटात दोनदा बंद पडता पडता वाचलं."

क्लच कोणी बसवला? ज्याने बसवला त्याला विचारा, म्हटलं. बुश माझा, आणि बुश जड होत नसतो. ग्रुपवर काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं सुचलं होतं, पण बायको पाहत होती.

२८ जानेवारी, मंगळवार

जीप कालपासून कय्यूमकडे. त्याचा विचार सगळा बॉक्स पुन्हा उतरवायचा. त्याला तीन दिवस लागणार, म्हणजे शुक्रवारही जाणार. आजची पाळी तर चुकलीच. गाडी मागायला उकंडराव दोन घरी गेले. आशाबाईनेच परत बोलावलं. "एक डाव चालते," म्हणाली, "लोकाईच्या दारात नका उभे राहू." शेवटी कय्यूमने नुसता पेडलचा खेळ कमी-जास्त करून पाहिला. जरा हलकं झालं म्हणतात.

दुपारी कय्यूम माझ्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. आठ महिन्यांत पहिल्यांदा. हातात कळकट फडकं, ते पिळत होता. तोंड उघडलं त्याने.

मी लेथ सुरू केला.

लेथच्या आवाजात कोणाला बोलता येत नाही. तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. लावलेल्या दांड्यावर काही काम नव्हतं. मी तो उगाच सोलत बसलो, चांगला अर्धा दांडा वाया गेला. त्याने पहिल्या दमात यावं आणि मी दुसऱ्या दमात बोलावं, असं का? आठ महिने मी काय टिनाला पाठ लावून बसलो होतो? (होतो.)

३१ जानेवारी, शुक्रवार

जीप राजूर घाटात जाम झाली. तिसऱ्या वळणावर. क्लच दाबला आणि इंजिन जे थांबलं ते हँडल मारूनही फिरेना. मोबाईलला रेंज नाही. दोन गाड्या थांबल्या नाहीत, एक थांबली ती भरलेली होती. दीड तासाने संत्र्याचा टेम्पो थांबला. आशाबाईला ड्रायव्हरशेजारी बसवलं, उकंडराव मागे क्रेटवर.

बुलढाण्याला पोचेपर्यंत ती बसल्या जागी गेली होती. गिलास हातात होता म्हणे, पाण्यासकट.

२ फेब्रुवारी, रविवार

काल रोहिणखेडला जाऊन आलो. कय्यूमही होता, मागे, चपला हातात घेऊन. सरण पेटल्यावर माझ्या पुढे उभ्या असलेल्या एकाने दुसऱ्याला विचारलं, "फिटर तोच ना? पिशवी आणली का बे त्यानं, नट वेचाले?"

दुसरा हसला नाही, पण त्याला कळलं. मीही ओळखलं. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी ऐकलं की एरवी बरं वाटतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ग्रुपवर माझी मे महिन्यातली ओळ कोणीतरी पुन्हा टाकली. खाली हसरे चेहरे नाहीत, हात जोडलेले आहेत. कय्यूमकडची दोन ट्रॅक्टरं मालक ओढून घेऊन गेले, अर्धवट उघडलेलीच. मुबीना, त्याची बायको, डबा घेऊन आली आणि शेडबाहेरूनच परत गेली. आत चार माणसं कय्यूमला जाब विचारत होती. तो एवढंच म्हणत होता, "हो, मीच बसवला. हो, मीच."

मी टिनाच्या इकडे होतो. लेथ बंद होता, म्हणून सगळं ऐकू आलं.

बायकोने जेवताना विचारलं, "तुमचं काही चुकलं नाही ना?" मी म्हटलं, बुश अजून सोन्यासारखा असेल. बघायला लावतो कोणालाही.

९ फेब्रुवारी, रविवार

बाजार बंद होता. कय्यूमने एकट्याने बॉक्स उतरवला. मग टिनावर दोनदा बोटाने वाजवलं. पूर्वी चहा आला की वाजवायचा, तसं. मी गेलो.

बुश सोन्यासारखाच होता. कय्यूमने त्याकडे पाहिलंही नाही. दांडा उचलून टोक माझ्यासमोर धरलं. टोकाचा चेहरा आरशासारखा झाला होता, मधे निळसर जळका गोल. पंधरा-वीस दिवसांत असा आरसा एकाच गोष्टीने होतो. टोक तळाला टेकलं होतं. तापलं की क्रँकला पुढे रेटत होतं, क्लच दाबला की आणखी. क्रँकला पुढे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट वॉशरचा नुसता भुगा उरला होता. तो संपल्यावर क्रँक थेट ब्लॉकला घासला आणि चिकटला.

"काडी बरोबर फटीएवढी होती," कय्यूम म्हणाला. "मी म्हनलं होतं, काडीच्या वर दोन घे. निरोप पोचला नाही काय?"

आठ महिन्यांतलं त्याचं पहिलं वाक्य.

मी म्हटलं, "नाही पोचला."

मला खरंच आठवत नव्हतं. म्हणजे आठवायला लागलं असतं, जरा थांबलो असतो तर. मी थांबलो नाही.

कय्यूमने दांड्याचं टोक अंगठ्याने पुसलं. मग म्हणाला, "मंग उकंडराव इसरला. बायकोच्या घोरात होता बिचारा, कोणाच्या ध्यानात राह्यते." त्याने दांडा पोत्यात गुंडाळला आणि पोत्याला तारेने गाठ मारली. "दयाराम, हे त्याले सांगू नको. त्याले कळलं का निरोप त्याच्याकून राह्यला, तं तो जगत नाही. माह्याच नावावर राहू दे. माह्याकडं अशेही कोन येते आता."

मी हो म्हटलं. चहा त्यानेच मागवला.

त्याच दिवशी, दिवेलागणीला

मागची पानं चाळली. अकरा जानेवारी.

'अन् काडीच्या वर—'

माझ्याच हाताने लिहिलेलं आहे. पुढे झेंडा आहे, सव्वीस जानेवारी आहे, खो खो आहे. उकंडराव हसले ते आहे. निरोप तिथेच, त्या आडव्या रेघेशी थांबला आहे. नंतर तेरा तारखेला पुन्हा आला होता, तर तिथे मी दात कोरतो आहे. अठ्ठावीसला कय्यूम स्वतः आला होता.

तीनदा.

एखादा पुरावा लपवायचा तर निदान तो आपल्या हाताने लिहून, विनोदासकट, तारीख घालून ठेवू नये.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आशाबाईची तेरवी. पंगत उठल्यावर उकंडरावांनी मला गोठ्याकडे नेलं. खूप वाळलेत. बराच वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"दयारामभाऊ, एक विचारू? मले झोप नाही. त्या दिवशी कय्यूमभाईनं काडीसंगं काहीतरी सांगा म्हणून धाडलं होतं. काडीच्या वर काहीतरी. ते मी तुमाले सांगतलं होतं ना? मले फकस्त आपण हसलो तेच आठवते. काऊन हसलो तेही आठवत नाही."

मी तोंड उघडलं. आयुष्यात जे तोंड कधी रिकामं राहिलं नाही ते रिकामं होतं.

"आठवत नसन तं राहू द्या," ते म्हणाले. "मीच इसरलो असन. हिचं पाणी मोजता मोजता डोकं जाग्यावर नव्हतं माह्यं." आणि वर मलाच म्हणाले, "तुमी जेवले ना नीट? बुंदी घेतली ना?"

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी 'मोताळा कट्टा'वर लिहिलं : 'उकंडरावांच्या जीपमध्ये कय्यूमची चूक नाही. टोक मी कमी कापलं. निरोप आला होता, तो मी थट्टेत उडवला. चूक माझी, दयाराम लेथवाला.'

दहा मिनिटांत चौदा हसरे चेहरे आले. एकाने लिहिलं, 'दयारामभाऊ, कय्यूमची काय जबरी फिरकी घेतली.' दुसऱ्याने, 'पिशवी पाठवू काय?' मी पुन्हा लिहिलं, की खरं आहे. त्यावर आणखी नऊ.

मग कय्यूमकडे गेलो आणि अकरा तारखेचं पान त्याच्यासमोर धरलं. मराठी वाचायला त्याला वेळ लागत नाही. वाचून त्याने वही मिटली, माझ्या हातात दिली आणि पाठ फिरवून नट आवळायचे पाने पेटीत लावायला लागला, लहान, त्याच्याशेजारी मोठा, त्याच्याशेजारी आणखी मोठा.  शेवटी पेटीतच बघत म्हणाला, "मले दाखवून काय करतं? ज्याले झोप नाही त्याच्याकडं जाय."

दीडची रोहिणखेड गाडी आहे. ही वही उकंडरावांच्या हातात द्यायची आहे. पान दुमडून ठेवलं आहे. ते हळू वाचतात, एकेका अक्षरावर बोट ठेवून. त्या आडव्या रेघेपर्यंत पोचायला त्यांना वेळ लागेल.

मी समोर बसेन. मधे बोलणार नाही.